एडटेक कंपन्या: कुठून आल्या, कशा वाढल्या, कशामुळे बुडाल्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पालक, शाळा-क्लासमधले शिक्षक आणि या क्षेत्रात नोकरी किंवा धंदा करू पाहणारी तरुण मुलं आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि गुंतागुंतीचे नंतर आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एडटेक म्हणजे नेमकं काय? यूट्यूबवर शिकवणारे सर त्यात धरायचे का?

शिकणं, शिकवणं, परीक्षा किंवा शाळेचा कारभार यासाठी तंत्रज्ञान विकणाऱ्या कंपन्यांना एडटेक म्हणतात. कंपनी नीट समजून घ्यायची असेल तर तिला पैसे कोण देतं हे आधी बघा. काही कंपन्या शाळांना विकतात (स्मार्टक्लास, शाळेचं सॉफ्टवेअर), काही थेट पालकांना (ट्यूशनचं अ‍ॅप, लाइव्ह क्लास), काही नोकरदार प्रौढांना (डेटा सायन्स, मॅनेजमेंटचे कोर्स), तर काही सरकारला. खाली दिलेल्या जवळजवळ प्रत्येक यशाचं आणि अपयशाचं मूळ या एका गोष्टीत सापडतं. यूट्यूबवर फुकट शिकवणारे सर म्हणजे कंपनी नाही, पण त्यातून कंपनी उभी राहू शकते (प्रश्न ९).

२. हे सगळं करोनाच्या काळात सुरू झालं ना?

नाही, करोनात फक्त वेग वाढला. संगणकावर शिकवण्याची 'प्लेटो' ही यंत्रणा अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झाली. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्याचा 'साइट' हा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी उभी राहिली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर बघितलेली मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली, आणि मला ते आजही खटकतं. मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक चित्रफिती बनवण्याचा तीसेक वर्षांचा अनुभव होता, आणि नेमकी अ‍ॅपची लाट आली तेव्हा तो हाताशी राहिला नाही.

खासगी बाजूला एनआयआयटी १९८१ ची, एज्युकॉम्प १९९४ ची. बंगळुरूची ट्यूटरव्हिस्टा ही कंपनी के. गणेश यांनी २००५ मध्ये सुरू केली. इथले शिक्षक इंटरनेटवरून अमेरिकेतल्या मुलांना शिकवायचे. पुढे ती पिअरसन या ब्रिटिश प्रकाशन कंपनीने घेतली आणि २०१७ मध्ये बायजूजने (प्रश्न ५).

३. आमच्या शाळेत पूर्वी 'स्मार्टक्लास'चा फळा लावला होता. ती कंपनी कुठे गेली?

'स्मार्टक्लास' हे एज्युकॉम्पच्या सेवेचं नाव होतं, पण पुढे लोक कोणत्याही डिजिटल फळ्याला तेच म्हणू लागले. त्यामुळे तुमच्या शाळेत दुसऱ्या कंपनीचा फळाही असू शकतो. एज्युकॉम्पची गोष्ट मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढे बायजूजच्या बाबतीत जे घडलं त्यातलं बरंच तिथे आधी घडून गेलं होतं.

शंतनू प्रकाश यांची ही कंपनी २००६ मध्ये शेअर बाजारात आली आणि काही वर्षं गुंतवणूकदारांची लाडकी होती. कंपनी स्वतःच्या खर्चाने वर्गात प्रोजेक्टर, संगणक आणि धडे बसवायची. शाळेने दर विद्यार्थ्यामागे ठरलेली रक्कम काही वर्षं हप्त्याहप्त्याने द्यायची. म्हणजे खर्च आज आणि वसुली पाच वर्षांत. ही दरी भरायला कर्ज काढलं. पुढे शाळांकडून येणाऱ्या हप्त्यांच्या भरवशावर वेगळ्या कंपनीमार्फत बँकांचं कर्ज उचललं आणि त्याला हमी एज्युकॉम्पची. शाळांचे हप्ते थकू लागले तसं सगळं अडकत गेलं. २०१७ मध्ये प्रकरण दिवाळखोरी प्रक्रियेत गेलं.

फळे वाईट नव्हते. शिक्षकाला ते वापरायला शिकवणं, धडे दरवर्षी नवे करणं, बिघडलं की माणूस पाठवणं हे काम मात्र वसुलीच्या वर्षांत मागे पडत गेलं. धूळ खाणारा प्रोजेक्टर कितीतरी शाळांत आजही दिसतो.

४. मग २०१५ नंतरच एवढी लाट का आली?

तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या. स्मार्टफोन स्वस्त झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि व्हिडिओ बघणं परवडू लागलं. आणि जेईई, नीटच्या क्लाससाठी घरदार गहाण ठेवणारा पालकवर्ग आधीपासून होताच. लातूर किंवा कोटा गाठता येत नाही, पण क्लासची गरज आहे, असं कुटुंब प्रत्येक तालुक्यात आहे. गुंतवणूकदारांनी हा हिशेब केला आणि पैसा ओतला.

मग मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर' सर्वेक्षणानुसार ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशा मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झालं. ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांपैकी अनअकॅडमी २०२० मध्ये, तर अपग्रॅड, एरुडिटस आणि वेदांतू २०२१ मध्ये युनिकॉर्न झाल्या, म्हणजे त्यांचं मूल्य १०० कोटी डॉलरच्या वर गेलं. शाळा कायम बंद राहणार नाहीत, हे साधं सत्य त्या मूल्यांकनांत कुठेही धरलेलं दिसत नाही.

५. बायजूज एवढं मोठं झालं कसं?

केरळमधल्या कन्नूर जिल्ह्यातल्या अळीकोडचे बायजू रवींद्रन आधी कॅटचे (एमबीएच्या प्रवेश परीक्षेचे) क्लास घ्यायचे. शिकवणं इतकं गाजलं की वर्ग सभागृहांतून स्टेडियममध्ये गेले. २०११ मध्ये 'थिंक अँड लर्न' ही कंपनी झाली आणि २०१५ मध्ये अ‍ॅप आलं. २०१६ मध्ये झुकरबर्ग दांपत्याच्या संस्थेने पैसे घातले. २०१९ मध्ये भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव आलं. २०२२ मध्ये कंपनीचं मूल्य २,२०० कोटी डॉलर सांगितलं जात होतं.

सुरुवातीचे व्हिडिओ उत्तम होते, हे स्पष्ट सांगायला हवं. भूमितीतला एखादा सिद्धांत डोळ्यांसमोर उलगडून दाखवणं त्या काळी भारतात फार थोड्यांना जमत होतं.

६. मग बुडालं कशामुळे? ती फसवणूक होती का?

फसवणुकीचा निवाडा न्यायालयांनी करायचा आहे. कंपनीला कर्ज देणाऱ्यांनी (त्या कर्जाबद्दल पुढे आहे) ५३ कोटी ३० लाख डॉलर कुठे गेले यावरून अमेरिकेत दावा लावला, आणि ईडीने (सक्तवसुली संचालनालयाने) नोव्हेंबर २०२३ मध्ये परकीय चलन कायद्याखाली सुमारे ९,३६२ कोटी रुपयांच्या व्यवहारांबद्दल नोटीस दिली. धंदा का कोसळला हे मात्र उघड झालेल्या आकड्यांवरूनही समजतं.

पहिलं कारण हिशेबाचं. पालकाने तीन वर्षांचा कोर्स घेतला की सगळी रक्कम पहिल्याच वर्षाचं उत्पन्न म्हणून दाखवायची सवय होती. लेखापरीक्षक डेलॉइटने ती मान्य केली नाही. २०२०-२१ चे आकडे जवळपास दीड वर्ष उशिरा, सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि तोटा निघाला ४,५८८ कोटी रुपये. जून २०२३ मध्ये डेलॉइट बाहेर पडलं आणि त्याच सुमारास प्रमुख गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी संचालक मंडळातून गेले.

दुसरं कारण खरेदीचं. व्हाइटहॅट ज्युनियर (प्रश्न ८) ३० कोटी डॉलरला, आकाश (प्रश्न ७) साधारण १०० कोटी डॉलरला, ग्रेट लर्निंग ६० कोटी डॉलरला, अमेरिकेतलं एपिक ५० कोटी डॉलरला, आणि हे सगळं एका वर्षाच्या आत. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये १२० कोटी डॉलरचं कर्ज. घेतलेल्या कंपन्या एकमेकींशी नीट जोडल्याही गेल्या नाहीत. वर २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचं प्रायोजकत्व आणि जाहिरातीचा चेहरा म्हणून फुटबॉलपटू मेस्सी.

तिसरं कारण विक्रीचं, आणि माझ्या मते तेच मुळाशी आहे. विकणाऱ्या तरुणाला महिन्याचं टार्गेट होतं आणि पालकाच्या हातात कर्जाचा फॉर्म होता. मूल नंतर अ‍ॅप उघडतं का, हे त्या व्यवहारात कुणाच्याच पगाराशी जोडलेलं नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीला बोलावून घेतलं. त्यानंतर, महिना २५,००० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांना कोर्स विकणार नाही, असं कंपनीने जाहीर केलं. तोवर किती घरांत हप्ते सुरू होऊन गेले होते!

शेवट जर्सीच्या पैशांनी झाला. सुमारे १५८ कोटी रुपये थकल्याने बीसीसीआयने धाव घेतली आणि जुलै २०२४ मध्ये एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) दिवाळखोरी प्रक्रिया सुरू केली. मध्ये तडजोड झाली, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य करणारा आदेश रद्द केला. त्याआधीच, जून २०२४ मध्ये, प्रोसस या बड्या गुंतवणूकदाराने आपल्या हिश्शाची किंमत शून्य धरली होती.

७. आकाश टॅब्लेट, आकाश क्लास आणि बायजूज यांचा संबंध काय? आकाशही बुडालं का?

'आकाश' टॅब्लेट हा केंद्र सरकारचा प्रकल्प होता. ऑक्टोबर २०११ मध्ये कपिल सिब्बल यांनी तो जाहीर केला, डेटाविंड कंपनीने बनवला, आणि संथ यंत्र व रखडलेला पुरवठा यामुळे तो मागे पडला. आकाश क्लासशी त्याचा काही संबंध नाही. मेडिकल-इंजिनिअरिंगच्या तयारीची आकाश ही वेगळी, जुनी संस्था आहे. ती २०२१ मध्ये बायजूजने घेतली. तिचे वर्ग चालू आहेत, आणि पुढे मणिपाल समूहाचे रंजन पै तिचे सर्वांत मोठे भागधारक झाले.

८. सहा वर्षांच्या मुलाला कोडिंग शिकवा म्हणून फोन यायचे. ते काय प्रकरण होतं?

बहुतेक फोन मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनियरच्या लाटेतले. करण बजाज यांनी २०१८ मध्ये ती सुरू केली आणि जेमतेम दोन वर्षांत बायजूजने विकत घेतली. एका मुलामागे एक शिक्षिका, वर्ग ऑनलाइन. शिक्षिका बहुतेक घरून काम करणाऱ्या सुशिक्षित स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या अनेकींसाठी ही बरी कमाई होती.

जाहिरातींनी मात्र पालकांच्या भीतीवर बोट ठेवलं. 'वुल्फ गुप्ता' नावाच्या मुलाला गूगलने कोट्यवधींचं पॅकेज दिलं, असं त्यांत सांगितलं जायचं. असा मुलगा अस्तित्वातच नव्हता. जाहिरात मानक परिषदेच्या, म्हणजे एएससीआयच्या सूचनेनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये पाच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. कंपनीने दोन टीकाकारांवर अब्रूनुकसानीचे दावे लावले आणि २०२१ मध्ये ते मागे घेतले.

सहाव्या वर्षी कोडिंग हवंच का? नको. त्या वयात मुलाने ठोकळे रचावेत, कोडी सोडवावीत, पाढे म्हणावेत, गोष्टी वाचाव्यात. आवड दिसली तर मुलांसाठीचं 'स्क्रॅच' हे कोडिंगचं साधन फुकट आहे.

९. सगळे बुडत असताना फिजिक्सवाला कसं तगलं?

अलख पांडे यांनी प्रयागराजमधून काही वर्षं यूट्यूबवर फुकट शिकवलं, मग २०२० मध्ये प्रतीक माहेश्वरी यांच्यासोबत कंपनी काढली. विद्यार्थी आधीच जमलेले होते, म्हणून विक्रेत्यांची फौज लागली नाही. लाखाच्या घरात असलेल्या कोर्सशेजारी यांची बॅच काही हजारांत मिळायची. बाहेरच्या गुंतवणूकदारांचा पहिला मोठा पैसा, १० कोटी डॉलर, जून २०२२ मध्ये आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

पण हिला 'तोटा न करणारी कंपनी' म्हणणारे मेसेज फिरतात, ते जुने झाले. पैसा आल्यावर 'विद्यापीठ' नावाची ऑफलाइन केंद्रं वाढली. २०२३-२४ मध्ये तोटा १,१३१ कोटी रुपये झाला आणि २०२४-२५ मध्ये तो २४३ कोटींवर आला. अ‍ॅपने क्लास संपवले, असं म्हणत आलेल्या या क्षेत्राला शेवटी बाक, फळा आणि भाड्याची खोली लागली. अनअकॅडमीनेही २०२२ मध्ये कोट्यात केंद्र उघडलं.

१०. महाराष्ट्रातून कोणत्या कंपन्या आल्या? त्यांचं काय झालं?

नशीब प्रत्येकीचं वेगळं. पवईची टॉपर २०१३ ची, ती २०२१ मध्ये बायजूजने घेतली आणि पुढच्याच वर्षी तिथे मोठी कपात झाली. शाळकरी मुलांना ऑनलाइन शिकवणारी लिडो लर्निंग २०२२ च्या सुरुवातीला, शाळा उघडताना बंद पडली. पगार आणि फीचे परतावे अडकले. रॉनी स्क्रूवाला आणि सहकाऱ्यांची अपग्रॅड (२०१५) आणि एरुडिटस या दोन्ही नोकरदारांना शिकवतात आणि टिकून आहेत. पैसे देणारा आणि शिकणारा माणूस तिथे एकच असतो, हे एक कारण मला महत्त्वाचं वाटतं.

महेश ट्यूटोरिअल्सची गोष्ट मुंबई-ठाण्याच्या वाचकांना जवळची वाटेल. १९८८ पासूनचे हे क्लास 'एमटी एज्युकेअर' नावाने २०१२ मध्ये शेअर बाजारात आले आणि 'रोबोमेट' हे अ‍ॅप त्यांनी बायजूजच्या आसपासच आणलं. २०१८ मध्ये झी लर्नने ताबा घेतला, डिसेंबर २०२२ मध्ये प्रकरण एनसीएलटीत गेलं. चांगलं नाव, जुना अनुभव आणि अ‍ॅप तिन्ही असून कंपनी अडचणीत येऊ शकते.

एमकेसीएलबद्दल नेहमी विचारलं जातं. २००१ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने झालेली ही कंपनी आहे, म्हणून स्टार्टअप म्हणता येणार नाही. पण तिचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा प्राथमिक कोर्स खेड्यापाड्यांत पोहोचला ते गावातल्याच तरुणांनी चालवलेल्या केंद्रांमुळे. फी परवडणारी, कोर्स मराठीत, आणि अडलं तर शेजारी बसलेला माणूस. या क्षेत्रातल्या महाराष्ट्राच्या सर्वांत भरीव कामांत मी ते धरतो.

११. पण अ‍ॅपने मुलं खरंच शिकतात का? काही पुरावा आहे?

आहे, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने वडोदऱ्यात चौथीच्या मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणितात मोठी सुधारणा दिसली, पण कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला. गुजरातेतच ज्ञानशाला संस्थेच्या वर्गांत झालेला अभ्यास आणखी बोलका आहे. शिक्षकाच्या तासाऐवजी संगणक दिला तिथे मुलं मागे पडली, आणि शाळेनंतर जास्तीचा तास म्हणून दिला तिथे कच्च्या मुलांना फायदा झाला.

दिल्लीत 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये आला. सोडत काढून निवडलेल्या मुलांनी साडेचार महिन्यांत गणितात बाकीच्यांच्या साधारण दुप्पट प्रगती केली. का? सॉफ्टवेअर मुलाची इयत्ता न बघता त्याला काय येतं ते बघून प्रश्न द्यायचं. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. वर्गात सर सहावीचा धडा शिकवणार आणि मुलाला वजाबाकीच जमत नाही, तिथे ते मूल रोज नुसतं बसून राहतं. शिवाय दीड तासाच्या सत्रातला अर्धा वेळ छोट्या गटाला शिकवणारा माणूसही होता, हे जाहिरातींत कुणी सांगत नाही.

उलट उदाहरण 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेचं. २००७ मध्ये तिचा भारतातला पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत झाला. पेरू देशाने ती मोठ्या प्रमाणावर राबवली, पण २०१२ च्या अभ्यासात भाषा-गणितात काही फरक दिसला नाही. यंत्र पोहोचलं, पण त्यावर कुणी काय शिकवायचं ते ठरलंच नव्हतं.

१२. दीक्षा, स्वयम, ई-बालभारती, खान अकॅडमी सगळं फुकट आहे. मग पैसे का द्यायचे?

व्हिडिओसाठी देऊ नका. धडे आज सगळीकडे मिळतात. पैसे द्यायचेच तर शंका सोडवणारा माणूस, तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि ठरलेल्या वेळी बसवणारी शिस्त यांसाठी द्या. फुकट ऑनलाइन कोर्स सुरू करणाऱ्यांपैकी फार थोडे तो पुरा करतात, हे जगभर दिसलं आहे. कंपनी याच तीन गोष्टी देत नसेल तर फुकटचं बरं.

१३. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी चांगलं अ‍ॅप का निघत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि त्यामागचं दुःख खरं आहे. कंपन्यांचा हिशेब असा: एकदा इंग्रजीत जेईई-नीटचा व्हिडिओ केला की तो देशभर विकता येतो. मराठीत राज्य मंडळाचा सातवीचा भूगोल केला तर तो फक्त महाराष्ट्रात चालणार, अभ्यासक्रम बदलला की पुन्हा करावा लागणार, आणि मराठी शाळांतली अनेक मुलं अशा घरांतली की महिना पाचशे रुपयेही जड जातात. मोठा पैसा घेतलेल्या कंपनीला हा बाजार लहान वाटतो. जी 'मराठी' अ‍ॅप येतात त्यांत बऱ्याचदा इंग्रजी मजकूर यंत्राने फिरवलेला असतो, आणि मुलं पहिल्या दहा मिनिटांत कंटाळतात.

म्हणून इथलं चांगलं काम शिक्षकांनी केलं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. गुंतवणूकदार या मुलांकडे येतील याची वाट बघण्यात मला अर्थ वाटत नाही. हे सरकारी आणि लोकवर्गणीच्या पैशांनी करायचं काम आहे, आणि राज्याने ते पाठ्यपुस्तकाइतकंच आपलं मानायला हवं.

१४. हे फक्त भारतातच झालं का?

नाही. चीनने जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली आणि बलाढ्य कंपन्यांचे शेअर कोसळले. अमेरिकेत विद्यापीठांचे कोर्स ऑनलाइन चालवणाऱ्या टूयू कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा आसरा घेतला, आणि चॅटजीपीटी आल्यावर गृहपाठात मदत करणाऱ्या चेगचं गिऱ्हाईक ओसरलं.

१५. डेमोनंतर घाईत कोर्स घेतला. आता दरमहा बँकेतून पैसे कापले जातात. रद्द होईल का?

आधी बघा: तुम्ही फीचा हप्ता भरता आहात की कर्जाचा? पुष्कळदा 'बिनव्याजी हप्ता' म्हणून सही घेतात आणि प्रत्यक्षात एखाद्या एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) कर्ज तुमच्या नावावर झालेलं असतं. मेसेजमध्ये वेगळ्या कंपनीचं नाव, कर्ज खाते क्रमांक दिसला तर ते कर्ज आहे.

कर्ज नुकतंच झालं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांप्रमाणे सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ती मुदत करारात लिहिलेली असते. कोर्स रद्द करण्याची मागणी फोनवर करू नका, ईमेलने करा आणि कारण लिहा. विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली वचनं जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. मग ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. कोचिंग केंद्रांसाठी केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी, असं म्हटलं आहे. तो आधार पत्रात जरूर घ्या. ऑटो-डेबिट नुसतं बंद करण्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

१६. कंपनीच बंद पडली. तरी कर्ज फेडायचं?

कागदोपत्री हो. कर्ज तुमच्यात आणि एनबीएफसीत असतं. कोर्स थांबला म्हणून ते आपोआप संपत नाही, आणि हप्ता चुकवला तर सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डाग पडतो. म्हणून सेवा बंद झाल्याचं एनबीएफसीला लगेच लेखी कळवा, कर्ज रद्द करण्याची मागणी करा आणि महिनाभरात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत असेल तर भरलेल्या फीचा दावा त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे (रिझोल्यूशन प्रोफेशनल) मुदतीत दाखल करावा लागतो. पूर्ण पैसे मिळण्याची शक्यता कमी असते, तरी दावा न करणाऱ्याला काहीच मिळत नाही.

१७. शिक्षण 'ग्राहक' कायद्यात येत नाही असं वकील म्हणाले. खरं का?

अर्धं खरं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०२० मध्ये शाळा-कॉलेज-विद्यापीठांचं शिकवणं कायद्याबाहेर ठेवलं, पण त्याच निकालात कोचिंग संस्थांना ही सूट नाही असं सांगितलं. त्यामुळे ट्यूशन अ‍ॅपविरुद्ध जिल्हा आयोगात जाता येतं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील बंधनकारक नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा कोर्स मान्यताप्राप्त विद्यापीठाचा असतो आणि कंपनी फक्त विक्री करते. तिथे कंपनीच्या खोट्या वचनांबद्दल तक्रार वेगळी मांडा.

१८. अ‍ॅपवरून घेतलेली पदवी चालते का? पीएचडी?

पदवी कंपनी देत नाही, विद्यापीठ देतं. त्या विद्यापीठाला तो कोर्स ऑनलाइन चालवायची यूजीसीची परवानगी आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत बघा. असेल तर पदवी नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते. विद्यापीठाने कोर्स दुसऱ्याला 'फ्रँचायझी'वर देणं चालत नाही. परदेशी विद्यापीठांच्या नावाने एडटेक कंपन्या देत असलेली ऑनलाइन पीएचडी मान्य नाही, हे यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. 'सर्टिफिकेट' आणि 'डिग्री' यांत गोंधळ होईल असं बोलणारा काउन्सिलर भेटला तर तिथेच थांबा.

१९. कंपनी बुडाल्यावर मुलाच्या माहितीचं काय होतं?

नाव, शाळा, फोन, गुण, चेहऱ्याचे व्हिडिओ हे सगळं त्यांच्या सर्व्हरवर असतं, आणि कंपनी विकली गेली की तेही जाऊ शकतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते. मुलांवर नेम धरलेल्या जाहिरातींनाही मनाई आहे, मात्र शैक्षणिक संस्थांना काही सवलती आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कोर्स संपला की खातं नुसतं लॉगआउट करू नका, माहिती पुसण्याची मागणी ईमेलने करा.

२०. मी शिक्षक आहे. स्वतःचं काही सुरू करू का, की कंपनीत जाऊ?

कंपनीत जाताना पगार कशावर वाढतो ते विचारा. मुलांच्या उपस्थितीवर, निकालावर की 'कन्व्हर्जन'वर, म्हणजे किती जणांनी कोर्स विकत घेतला यावर? तिसरं असेल तर पद शिक्षकाचं असलं तरी काम विक्रीचं आहे.

स्वतः सुरू करणार असाल तर एका इयत्तेचा एक विषय घ्या आणि पन्नासेक मुलांपासून सुरुवात करा. वर्षभराची फी एकदम घेऊ नका. दरमहा घ्या, म्हणजे नको झाल्यावर मूल सोडून जाऊ शकेल आणि ते का गेलं हे तुम्हाला त्याच महिन्यात कळेल. ऑनलाइन शिकवणीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीची गरज नसते. तरी सीएला एकदा विचारून घ्या. आणि पहिला पैसा व्हिडिओच्या कॅमेऱ्यावर घालण्याआधी संध्याकाळी दोन तास शंका सोडवायला बसणाऱ्या माणसावर घाला.